सह्याद्रीतल्या मुक्कामी ट्रेकसाठी छोटा गॅस स्टोव्ह: कसा निवडायचा, कसा वापरायचा

दुकानात बर्नर हातात घेतला की बहुतेकांची नजर दोन आकड्यांवर जाते: वजन किती ग्रॅम आणि ताकद किती वॉट. सह्याद्रीत स्वयंपाक अडतो तो मात्र वाऱ्यापायी आणि पातेल्यापायी. माचीवर संध्याकाळचा वारा सुटला की ३००० वॉटच्या उघड्या बर्नरवर लिटरभर पाण्याला नुसती वाफ धरते, उकळी काही फुटत नाही. त्यापेक्षा कमी ताकदीचा, १८०० वॉटचा बर्नर नीट आडोशाला ठेवला तर तेवढंच पाणी सहा-सात मिनिटांत उकळतं. म्हणून बर्नर निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: याला आडोसा करता येईल का, आणि आपलं नेहमीचं पातेलं यावर हलवून ढवळताना स्थिर राहील का?

त्याआधी प्रवासाचं बघा

लोकलने कर्जत, कसारा किंवा रेल्वेने इगतपुरी गाठणार असाल तर गॅस घरीच ठेवा. रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू नेणं हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६४ खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय नुकसान झालं तर त्याची भरपाई. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या डब्यात सोबत आणलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ माणसं गेली. छोटा कॅनिस्टर, म्हणजे बर्नरला लावायचा गॅसचा डबा, हा काही सिलिंडर नव्हे, ही पळवाट काढू नका. भरलेल्या लोकलमध्ये गळणारा छोटा डबाही तितकाच वाईट. एसटीतही नेऊ नका. अशा ट्रेकला दशम्या, भाकरी-ठेचा, चिवडा, किंवा पायथ्याच्या गावात आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं जेवण हाच योग्य मार्ग आहे. स्टोव्ह स्वतःच्या गाडीने जाताना न्यायचा.

विमानात कॅनिस्टर ना हातातल्या बॅगेत चालतो, ना खाली दिलेल्या सामानात. हिमालयात जाताना बर्नर न्या आणि गॅस मनाली, लेह अशा ठिकाणी ट्रेकिंगच्या दुकानातून घ्या.

आधी कॅनिस्टर, मग बर्नर

लोक उलटं करतात. बर्नर हौसेने घेतात आणि त्याला बसणारा गॅस आपल्या गावात मिळत नाही म्हणून तो माळ्यावर पडतो. आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकार दिसतात.

पहिला आट्यांचा, बुटका, घुमटासारख्या माथ्याचा कॅनिस्टर. यात साधारण १००, २३० आणि ४५० ग्रॅम गॅस भरलेला येतो. याचे आटे आंतरराष्ट्रीय मापाचे असल्यामुळे एका कंपनीचा बर्नर दुसऱ्या कंपनीच्या कॅनिस्टरवर बसतो. आत बहुधा ब्युटेन, आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं.

दुसरा उंच, स्प्रेच्या डब्यासारखा, लांब नळीच्या तोंडाचा. साधारण २२० ग्रॅमचा, टेबलावर ठेवायच्या कॅसेट स्टोव्हसाठी बनवलेला. स्वस्त आणि सहज मिळणारा. यात बहुधा नुसतं ब्युटेन असतं. अडॅप्टर लावून तो आट्यांच्या बर्नरला जोडता येतो, पण अडॅप्टर म्हणजे गळतीची आणखी एक जागा. शिवाय हा उंच डबा उभा करून त्याच्या डोक्यावर बर्नर आणि पातेलं ठेवणं धोक्याचं आहे. तो आडवाच वापरायचा असतो, आणि आडवा करताना तोंडाच्या कडेची खाच वरच्या बाजूला राहिली पाहिजे. खाच खाली गेली तर वायूऐवजी पातळ (द्रवरूप) गॅस बाहेर येतो आणि हातभर ज्वाळ उठते.

आता बर्नर. कॅनिस्टरच्या डोक्यावर थेट बसणारे बर्नर २५ पासून १२० ग्रॅमपर्यंत मिळतात. एकट्या-दुकट्याने, चहा आणि मॅगीपुरतं रांधायचं असेल तर हे उत्तम. पण त्यांचा गुरुत्वमध्य उंच असतो, आणि वाऱ्याचा आडोसा चहूबाजूंनी करता येत नाही. तसं केलं तर ज्योतीची उष्णता खालच्या कॅनिस्टरवर कोंडते. दीड-दोन लिटरपेक्षा मोठं पातेलं यावर ठेवू नका. पातेलं जितकं रुंद, तितकी त्याच्या बुडाकडून कॅनिस्टरकडे उष्णता परत फेकली जाते.

नळीचे बर्नर १५० ते २५० ग्रॅमचे असतात. बर्नर तीन-चार रुंद पायांवर जमिनीलगत बसतो आणि कॅनिस्टर नळीच्या लांबीइतका दूर राहतो. आडोसा पूर्ण घेरून लावता येतो, चार माणसांचं पातेलं डगमगत नाही. शंभरेक ग्रॅम जास्त उचलावे लागतात, आणि सह्याद्रीत तीन-चार जणांनी एकत्र रांधायचं असेल तर आमचं मत निःसंकोच याच बाजूला आहे.

तिसरा प्रकार भांड्यासकट येणारा: भांड्याच्या बुडाला पंख्यांसारख्या पट्ट्या असतात, त्या उष्णता पकडतात. पाणी उकळायला फार काटकसरी, पण त्यात कांदा परतायला गेलात तर करपेल. उकळतं पाणी ओतून खायचं अन्न नेणाऱ्यांनी तो घ्यावा. फोडणी हवी असेल त्यांनी पैसे घालवू नयेत.

दुकानात जाताना घरचं पातेलं सोबत न्या. बर्नरच्या तीन-चार दांड्या उघडा, पातेल्यात लिटरभर पाणी भरून वर ठेवा आणि चमच्याने ढवळून बघा. दांड्यांच्या टोकाला दाते असतात की त्या गुळगुळीत आहेत, हेही बघा. गुळगुळीत दांडीवर स्टीलचं पातेलं सरकतं. मग आच अगदी मंद करता येते का ते तपासा. कित्येक बर्नर पूर्ण पेटतात किंवा विझतात, मधलं काही नाही. खिचडी त्यांच्यावर होत नाही.

मोठ्या गटासाठी, गाडी जाते तिथल्या तळावर पाच किलोचा सिलिंडर आणि त्यावरची शेगडीच सोयीची. इंडियन ऑइलचा 'छोटू' हा तोच. पाठीवर वाहायची ती वस्तू नाही.

हेक्झामिनच्या, म्हणजे घट्ट इंधनाच्या, वड्या आणि स्पिरिटचे स्टोव्हही मिळतात. वड्या भांड्याला चिकट काजळी धरवतात आणि आच कमी-जास्त करता येत नाही. स्पिरिटमध्ये वजनामागे उष्णता गॅसच्या जेमतेम निम्मी, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसतच नाही. विझला समजून कुणी वरून स्पिरिट ओतलं की भडका होतो. वाळल्या गवताच्या आपल्या डोंगरात आम्ही तो सुचवत नाही.

गॅस किती लागेल

अंदाजाचा पाया असा: २५ अंशांचं एक लिटर पाणी उकळायला, झाकण ठेवून आणि आडोशाला, साध्या बर्नरवर १२ ते १५ ग्रॅम गॅस जातो. पट्ट्यांच्या भांड्यात ८ ते १० ग्रॅम. झाकण नसेल आणि वारा असेल तर याच्या दुप्पटही जाईल. मंद आचेवर मिनिटाला साधारण एक ग्रॅम धरा, पूर्ण आचेवर तीन ते साडेतीन.

दोघांचा एका रात्रीचा मुक्काम घ्या. संध्याकाळी आणि सकाळी चहा मिळून पाऊण लिटर, रात्रीची खिचडी, सकाळी उपमा. हे सगळं ६० ते ७० ग्रॅममध्ये बसतं. म्हणजे १०० ग्रॅमचा कॅनिस्टर पुरतो, आणि चौघांना २३० चा. पिण्याचं पाणीही उकळून घ्यायचं ठरवलंत तर हिशेब कोलमडतो: चौघांचं आठ लिटर पाणी म्हणजे शंभर ग्रॅमहून अधिक गॅस. गडावरच्या टाक्यातलं पाणी कपड्याने गाळून क्लोरीनच्या गोळ्यांनी किंवा फिल्टरने शुद्ध करा. उकळायचंच असेल तर खळखळून एक मिनिट पुरेसं आहे. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं.

अर्धवट वापरलेल्या कॅनिस्टरमध्ये किती गॅस उरलाय हे हलवून कळत नाही. नवा घेतल्याबरोबर घरच्या वजनकाट्यावर ठेवा आणि भरलेलं वजन मार्करने बुडावर लिहा. त्यातून छापील गॅसचं वजन वजा केलं की रिकाम्या डब्याचं वजन मिळतं. २३० चा रिकामा डबा दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो. पुढच्या ट्रेकच्या आदल्या रात्री पुन्हा काट्यावर ठेवा; त्यातून रिकाम्या डब्याचं वजन वजा केलं की उरलेला गॅस कळतो.

जागा, जोडणी, पेटवणं

दरीच्या कडेला दृश्य छान असतं, वाराही तिथेच असतो. बुरुजाच्या किंवा मोठ्या धोंड्याच्या आड, सपाट कातळावर किंवा मातीवर जागा निवडा. भोवतालचं गवत आणि पाचोळा किमान एक मीटरपर्यंत साफ करा. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि मग जूनपर्यंत एका ठिणगीवर अख्खा डोंगर जळतो. अभयारण्यात, जसं कळसूबाई-हरिश्चंद्रगड किंवा भीमाशंकर, वनखात्याला आधी विचारा आणि नाही म्हणाले तर स्टोव्ह पिशवीतच राहू द्या. लेण्यांत आणि मंदिरांत रांधू नका. काजळी दगडातून निघत नाही.

उन्हाळ्यात दुपारभर तापलेल्या कातळावर कॅनिस्टर टेकवू नका. हात ठेववत नाही इतका दगड तापलेला असेल तर कॅनिस्टरही तितकाच तापेल. त्याची मर्यादा ५० अंश आहे आणि ती डब्यावर छापलेली असते. खाली चटईचा तुकडा किंवा लाकडी फळकूट घाला.

जोडताना हा क्रम ठेवा. बर्नरच्या आतली काळी रबरी रिंग जागेवर आहे आणि चिरलेली नाही हे बघा. बर्नरची चावी घड्याळाच्या दिशेने फिरवून पूर्ण बंद करा. कॅनिस्टर उभा धरून बर्नर सरळ वर ठेवा आणि हाताने फिरवा. पहिला अर्धा वेढा उलटा फिरवला तर आटे जागेवर बसल्याचं बोटाला जाणवतं. मग सुलट फिरवा, म्हणजे आटे वाकडे चढत नाहीत. आत शिरताना क्षणभर 'फुस्स' होईल, तेवढं चालतं. आवाज थांबला की अजून थोडंसं आवळा आणि सोडून द्या. पकडीने आवळू नका, रबरी रिंग चेमटते आणि पुढच्या वेळी तिथूनच गळते.

मग कान आणि नाक लावा. शंका आली तर साबणाचं पाणी जोडावर लावा; बुडबुडे आले तर काढा, रिंग पुसा, परत बसवा. तरीही आले तर तो बर्नर त्या दिवशी वापरायचा नाही. काडी लावून गळती शोधणारे महाभाग अजूनही भेटतात. तसं कधीही करू नका.

पेटवताना आधी काडी किंवा लायटर बर्नरच्या कडेला न्या, मग चावी पाव वेढा उघडा. उलटं केलं तर साचलेला गॅस एकदम पेटतो आणि भुवया जातात. बर्नरला बटणाचा ठिणगी-लायटर असला तरी त्यावर विसंबू नका. पावसाळी दमट हवेत तो हमखास दगा देतो. साधा लायटर एका खिशात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली काडेपेटी दुसरीकडे ठेवा.

पहिलं अर्धं मिनिट आच लहान ठेवा आणि कॅनिस्टर हलवू नका. थंड, नुकताच हाताळलेला कॅनिस्टर तिरका झाला तर पातळ गॅस वर येऊन पिवळी ज्वाळ उठते.

तंबूत स्टोव्ह पेटवू नका, पाऊस असला तरी नाही. आग हा एक धोका झाला. दुसरा कार्बन मोनॉक्साइडचा: त्याला वास नसतो, रंग नसतो, डोकं जड होऊन झोप येते आणि ती झोप शेवटची ठरू शकते. पावसात ताडपत्रीचं उंच छप्पर बांधा, किमान दोन बाजू उघड्या ठेवा.

आडोसा आणि आच

ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्याचा घडीचा आडोसा बाजारात मिळतो. नळीच्या बर्नरला तो पातेल्याभोवती दोन बोटं जागा सोडून पूर्ण घेरा, कॅनिस्टर बाहेर. हवा आत यायला खाली फट ठेवा, नाहीतर ज्योत पिवळी पडून काजळी धरते. डोक्यावर बसणाऱ्या बर्नरला फक्त वाऱ्याच्या बाजूने आडोसा, मागची बाजू मोकळी. दर दोन-तीन मिनिटांनी कॅनिस्टरला हात लावा. तो गार लागला पाहिजे. कोमट झाला तर आडोसा दूर करा, गरम झाला तर चावी बंद.

ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर आली की तेवढा गॅस हवेत गेला. अरुंद पातेल्याखाली पूर्ण आच लावून वेळ फारसा वाचत नाही, गॅस मात्र भराभर संपतो. ज्योत बुडाच्या आत राहील इतकीच ठेवा.

छोट्या बर्नरची आच मधोमध एकवटते. पातळ ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मधली मोहरी जळते तेव्हा कडेची तडतडलेलीही नसते. फोडणीला आच मंद ठेवा, पातेलं सांडशीत धरून फिरवत राहा.

दोघांच्या खिचडीचं माप: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, साडेचार वाट्या पाणी. तंबू उभारायला लागण्यापूर्वी तांदूळ-डाळ धुऊन त्याच मोजलेल्या पाण्यात भिजत घाला. अर्ध्या-पाऊण तासाने शिजायला कमी गॅस लागतो. दोन चमचे तेलाची फोडणी, त्यात घरून एकत्र बांधून आणलेलं हळद-तिखट-गोडा मसाला-मीठ. भिजवणीच्या पाण्यासकट तांदूळ-डाळ घाला, झाकण ठेवून उकळी आणा, मग दहा-बारा मिनिटं मंद आच आणि दर दोन मिनिटांनी तळापासून ढवळणं. दाणा बोटाने दाबून मऊ, पण मधे किंचित कणी राहिली की गॅस बंद. पातेलं टॉवेलात आणि जॅकेटात गुंडाळून वीस मिनिटं ठेवा. उरलेली कणी आपोआप शिजते. एकूण खर्च २५ ते ३० ग्रॅम.

तुरीची डाळ नेऊ नका. उघड्या पातेल्यात ती शिजता शिजत नाही, आणि उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळत असल्यामुळे आणखीच हट्ट धरते. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. १६४६ मीटरच्या कळसूबाईवर पाणी ९५ अंशांच्या थोडं खालीच उकळतं. मूग किंवा मसूर घ्या. पोह्यांना तर पाणी उकळावंही लागत नाही.

थंडीत आच का उतरते

पातळ गॅसचा वायू होताना तो कॅनिस्टरची उष्णता खेचून घेतो. म्हणून चालू स्टोव्हच्या डब्यावर दव धरतं आणि आतला दाब उतरत जातो. ब्युटेन शून्याच्या जरा खालीच, उणे अर्ध्या अंशाला उकळतं. आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२ ला. डिसेंबरच्या पहाटे आठ-दहा अंशांत नुसत्या ब्युटेनचा डबा पेटतो, पण पाच मिनिटांत स्वतःच गारठतो आणि ज्योत मलूल होते. अशा वेळी कॅनिस्टर उथळ ताटलीतल्या कोमट पाण्यात ठेवा. बोट बुडवून सुखद वाटेल इतपतच कोमट, उकळतं पाणी अजिबात नाही. रात्री कॅनिस्टर झोपण्याच्या पिशवीत घेतला तर सकाळचा चहा लवकर होतो.

हिमालयात हिवाळ्यात जाणार असाल तर मिश्रणाचाच गॅस आणि नळीचा असा बर्नर घ्या, ज्याची गॅसनळी ज्योतीमधून फिरून येते. त्यातच कॅनिस्टर उलटा करून पातळ गॅस वापरता येतो, तोही बर्नर मिनिटभर तापल्यावर. ही तापनळी नसलेल्या बर्नरला कॅनिस्टर उलटा लावला तर भडका उडेल. त्याहून कडक थंडीसाठी पंपाचे रॉकेलचे किंवा पेट्रोलचे स्टोव्ह आहेत. १८९२ मध्ये स्वीडनमध्ये निघालेल्या प्रायमसचीच ती पद्धत. आधी तापवा, पंप मारा, छिद्र बुजलं की पिन घाला: घरात रॉकेलचा स्टोव्ह पाहिलेल्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.

बिघाड

ज्योत सतत पिवळी, भांड्याला काजळी: बर्नरच्या मानेवरच्या हवेच्या भोकांत कोळ्याचं जाळं किंवा उतू गेलेलं दूध असतं. जुन्या दातघासणीने साफ करा. मीठ किंवा धुळीमुळे क्षणभर नारिंगी दिसली तर काळजी नको.

भरलेल्या कॅनिस्टरवरही ज्योत बारीक: मधलं छिद्र बुजलंय. बर्नर सोडवून जोरात फुंका. छिद्रात सुई कोंबू नका, ते रुंदावलं की ज्योत कायमची बिघडते.

बर्नर काढल्यावर कॅनिस्टर फुसफुसत राहिला: झडप अडकली आहे. चावी बंद असलेला बर्नर लगेच परत बसवा, डबा उघड्यावर न्या आणि त्यातला गॅस त्याच बर्नरवर जाळून संपवा.

ठेवण आणि रिकामे डबे

एप्रिल-मेमध्ये पायथ्याशी उन्हात लावलेल्या गाडीत कॅनिस्टर सोडू नका. बंद गाडीच्या आत पारा ५० च्या वर सहज जातो. घरी तो मोकळ्या हवेच्या, सावलीच्या जागी ठेवा, बर्नर सोडवून आणि टोपण लावून.

वापरलेला डबा घरच्या सिलिंडरवरून किंवा लायटरच्या गॅसने परत भरून देणारे लोक असतात. त्यांच्याकडून घेऊ नका. गॅस तापला की फुगतो आणि त्यासाठी डब्यात वर मोकळी जागा लागते. हाताने भरताना ती राहिली की नाही हे कुणी मोजत नाही. एकदाच वापरायच्या त्या पातळ पत्र्यावर आणि झडपेवर दुसऱ्या भरणीचा भरवसाही नसतो. घरगुती सिलिंडरमधून असा गॅस काढणं कायद्यातही बसत नाही.

रिकामा कॅनिस्टर गडावर टाकू नका, शेकोटीत तर नाहीच. घरी आणा, उघड्यावर बर्नर लावून ज्योत आपोआप विझेपर्यंत जाळा, चावी उघडीच ठेवून तासभर राहू द्या. मग बर्नर काढा, आसपास कुठे आग नाही हे बघून खिळ्याने डब्याला भोक पाडा आणि मार्करने 'रिकामा' लिहून भंगारवाल्याला द्या. भोक नसलेला डबा तो घेत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.